मंडई चार वर्षांनी एकदा

फुटबॉलच्या जागतिक कारभाऱ्यांना इतकी वर्षं भांडून जे जमलं नाही, ते आपण समाजमंदिरातल्या एका बैठकीत करून दाखवू, याबद्दल सोमाजीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यासाठी त्याने फॅक्टरीच्या निरोप समारंभासाठी शिवलेली सफारी पेटीतून काढून घातली होती. डांबरगोळ्यांचा वास त्याच्याआधी समाजमंदिरात पोचला.

बैठक मंडईची होती. मंडई म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे कोथिंबिरीची जुडी आली, त्यांनी आधी आपले कान धरावेत! आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. एकेका गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी त्या गावात लेकी, जावई, मामे, मावसे, आणि नातं नेमकं कुठून लागतं ते जेवण झाल्यावर आठवणारे, सगळे हजर. दंडारीचं नाचगाणं, पाळणे, मिठाईची दुकानं, मग नाटक, आणि घरोघरी मटण नाहीतर बोडीतले मासे. बोडी म्हणजे गावतळी. आता कान सोडा.

सोमाजीची सारी नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेली. निवृत्त झाल्यावर तो दिघोरीजवळच्या आपल्या गावी परतला, बोडीकाठचं वडिलांचं घर नीट केलं, आनंदाबाईच्या पसंतीचा पोपटी रंग दिला, आणि रंग वाळतो न वाळतो तोच आनंदाबाई गेली. मुलगा चंद्रकुमार तिकडे कोइमतूरला, पंपांच्या कारखान्यात; सून रीता आणि नात टीनाही तिकडेच. उरलं काय, तर पोपटी घर आणि त्यात एक माणूस. घर फार मोठं नव्हतं, पण एकट्या माणसाला कुठलंही घर मोठंच पडतं.

बापलेकात एकच गोष्ट सामाईक होती, फुटबॉल! फॅक्टरीच्या क्वार्टरात असताना वर्ल्ड कप लागला की दोघं टीव्हीपुढून हलायचे नाहीत. आनंदाबाई चिवड्याचं ताट ठेवून विचारायची, “यातला आपला कोनता?”

“आपला कोनीच नाही.”

“मंग इतके बोंबलता काहून?”

या प्रश्नाचं उत्तर सोमाजीला तेव्हाही देता आलं नाही आणि आता विचारणारी नव्हती.

एरवी चंद्रकुमारचा फोन यायचा तो असा: “बाबा, तब्येत?” “बरी.” “गोळ्या?” “घेतो.” “ठेवू?” “ठेव.” पण वर्ल्ड कप लागला रे लागला की प्रत्येक सामन्यानंतर फोन! पेनल्टी होती की नव्हती यावरून दोघं असे भांडायचे की शेजारची कौशल्याबाई भिंतीवरून डोकावून पाहायची. भांडण झालं की सोमाजीला त्या दिवशी दोन घास भात जास्त जाई.

त्यामुळे वर्ल्ड कप वाढवण्याची बातमी पेपरात आली, की सोमाजी ती चष्मा पुसून वाचायचा. बत्तीस संघांत चौसष्ट सामने होत, अठ्ठेचाळीस झाले म्हणजे एकशे चार! सामने वाढले म्हणजे फोन वाढले, इतका सरळ त्याचा हिशेब. आणि कोणीतरी ‘दर दोन वर्षांनी घ्या’ म्हणालं, तेव्हा तर त्याने तो अज्ञात माणूस देवाच्या फोटोशेजारी बसवायचा बाकी ठेवला.

“दोन वर्षांनी? अजिबात नको!” चंद्रकुमार फोनवर म्हणाला. “सारी मजा जाईल बाबा. चार वर्षं वाट पाहतो म्हणून तर किंमत आहे त्याची.”

“वाट पाहनं तुम्हाले परवडते रे. आमचं वय झालं.”

“तुमच्या वयाचा आणि फुटबॉलचा काय संबंध?”

“मोठा संबंध आहे!” सोमाजी ओरडला. पण कोणता, ते त्याने सांगितलं नाही. बापाने मुलाला अशा गोष्टी सांगायच्या असतात हे फॅक्टरीत कोणी शिकवलं नव्हतं.

वर्ल्ड कप काही सोमाजीच्या हातात नव्हता. पण मंडई होती! चंद्रकुमार वर्षातून एकदा घरी यायचा तो मंडईलाच. मग मंडई दोनदा केली तर?

“मंडई वर्षातून दोनदा!” सोमाजीने बैठकीत उभं राहून जाहीर केलं. “एक दिवाळीले, एक चैत्रात. अन पाहुन्यांचे गावं दुप्पट!”

मंडई मंडळाचा अध्यक्ष जागेश्वर मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “सोमाजीभाऊ, हे खूळ कुठून आनलं जी?”

“खूळ नाही, जग याच रस्त्यानं जाऊन राहिलं! वर्ल्ड कप दोन वर्षांनी घ्या म्हनून तिकडे मोठमोठे लोक भांडून राहिले.”

“फुटबॉलचा अन मंडईचा काय संबंध?”

“दोन्हीकडे लोक येतात, बोंबलतात, खातात अन घरी जातात. अजून कोनता संबंध पायजे?”

हा मुद्दा बिनतोड होता. जागेश्वरने पवित्रा बदलला. “बरं, पन नवीन गावं कोनते? वैनगंगेच्या पल्याड आपलं कोन आहे?”

“कोनीच नाही, म्हनूनच तं बोलवाचं! वर्ल्ड कपात पाहा, ज्या देशाचं नाव शाळेच्या नकाशात सापडत नाही तोबी येऊन राहिला. त्याच्यानं खेळ पसरते.”

“मटन बी पसरते,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कौशल्याबाई उठली. तिची एकुलती एक लेक राखी कारध्याला दिलेली. कारधा काही लंकेत नाही, पण सासरचा पसारा मोठा, राखीला पाय मोकळा मिळायचा तो मंडईपुरताच. कौशल्याबाईने पदर सावरत विचारलं, “म्हंजे माही राखी सालातून दोनदा येईल का जी?”

“दोनदा म्हंजे दोनदा! मी सांगतो ना!” सोमाजीने छातीवर हात ठेवला.

झालं! समाजमंदिरातल्या प्रत्येक बाईला आपापली लेक आठवली, आणि लेक आठवलेल्या बाईपुढे जागेश्वरच काय, जागतिक कारभारीही टिकले नसते. ठराव पास झाला. सोमाजी घरी गेला तो चालत नाही, तरंगत. त्या संध्याकाळी त्याने आनंदाबाईच्या फोटोला सांगितलं, “चंदू दोनदा येते आता.”

दिवाळी झाली, मंडई आली. बोडीत जाळी पडली, घरोघरी चुली पेटल्या, आणि गावभर फोन वाजू लागले.

“मामा, यंदा धान कापाचं राहिलं. चैत्रातल्याले येतो ना!”

“आई, सासूबाई म्हनतात आता गेलीस तं चैत्रात कशी जाशील? म्हनून चैत्रातच येते.”

“काका, चैत्रात नक्की!”

दुपार झाली तरी रस्त्यावर पाहुण्यांऐवजी आमच्याच गावची कुत्री. पाळणेवाला रिकामा पाळणा फिरवत बसला होता आणि स्वतःच त्यात चक्कर मारून येत होता. दंडार बघायला दंडारवाल्यांच्या बायका. प्रत्येक घरात वीस माणसांचं रांधलेलं आणि खायला घरचेच चार!

सोमाजीचा फोनही वाजला. “बाबा, सुट्टी एकदाच मिळेल. चैत्रात टीनाची परीक्षा संपलेली असेल, तेव्हा निवांत येतो.”

“हो हो, चैत्रातच ये,” सोमाजी म्हणाला, आणि टीनासाठी आणलेला बुढ्ढी का बाल स्वतःच खात ओट्यावर बसला. तो जिभेवर ठेवताच विरून जात होता, त्यामुळे खाल्ल्यासारखंही वाटेना.

जागेश्वर माशांचं भरलं पातेलं घेऊन आला. “सोमाजीभाऊ, हे कोनी खाचं आता?”

“घाबरू नका अध्यक्ष! ही नुसती पात्रता फेरी. खरा सामना चैत्रात!”

चैत्र आला. असा आला की बोडीतली म्हैस बाहेर निघायला तयार होईना. आमच्या भंडाऱ्याचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी पाहिलं आहे ते मंडईला आले नाहीत! गावभर पुन्हा फोन.

“मामा, इतक्या उनात लेकरं घेऊन कसं येऊ? दिवाळीले येतोच ना!”

“काका, दिवाळीची खरी मंडई. तिले नक्की!”

चंद्रकुमार म्हणाला, “बाबा, टीनाला उन्हाचा त्रास होतो, रीता नको म्हणते. दिवाळीला जमवतो. गोळ्या घेता ना?”

आले ते फक्त नव्या गावांचे. वैनगंगेपलीकडून एक टेम्पो भरून माणसं उतरली. त्यांना गावात कोणी ओळखेना, तेही कोणाला ओळखेनात. “आमाले सोमाजीभाऊनं बोलावलं,” एवढं एकच वाक्य त्यांना पाठ होतं. गावाने त्यांना नेऊन पोपटी घरासमोर उभं केलं! त्यांनी सोमाजीचं मटण खाल्लं, चंद्रकुमारसाठी घातलेल्या गादीवर वामकुक्षी केली, जाताना उरलेले वडे पिशवीत बांधले, आणि त्यातला एक जण निघताना हात जोडून म्हणाला, “मंडई मस्त झाली जी! पन तुमी कोन?”

टेम्पो गेला आणि गाव आलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं तेवढं सोमाजीच्या हाती! जागेश्वर मंडपवाल्याच्या नावाने, पाळणेवाल्याच्या नावाने आणि शेवटी थेट फुटबॉलच्या नावाने ओरडला. ते सारं सोमाजीने ऐकून घेतलं. गावाचा आरडाओरडा त्याला सहन होत होता, निदान कोणी बोलत तरी होतं. पण सगळे गेल्यावर कौशल्याबाई मागे राहिली. ती ओरडली नाही.

“सोमाजीभाऊ, राखी सालातून एकदा यायची,” ती म्हणाली. “तुमी दोनदा म्हनले. आता एकदाबी आली नाही.”

सोमाजीचाही चंदू आला नव्हता, पण हे सांगून काय होणार होतं? ज्याने आग लावली त्याने आपलंही घर जळालं म्हणून रडू नये. कौशल्याबाई गेली आणि पोपटी घर पुन्हा मोठं झालं.

पावसाळा संपता संपता एकदा चंद्रकुमारचा फोन आला. तब्येत आणि गोळ्या झाल्या. तो ‘ठेवू?’ म्हणणार तेवढ्यात सोमाजी घाईघाईने म्हणाला, “चंदू, पेपरात आहे, आता चौसष्ट संघ करा म्हनते कोनीतरी!”

“वेड लागलंय त्यांना!” चंद्रकुमार उसळला, आणि सोमाजीने समाधानाने भिंतीला पाठ टेकली. आता दहा मिनिटं तरी फोन ठेवला जाणार नव्हता. “कोण बघणार इतके सामने? आणि वर दोन वर्षांनी! जी गोष्ट हवी तेव्हा मिळते तिच्यासाठी माणूस कशाला धडपडेल? हा हुकला तर पुढचा आहेच. बाबा, चार वर्षांनी एकदाच येते ना, त्या गोष्टीसाठी माणूस साहेबाशी भांडून सुट्टी काढतो!”

सोमाजी एकदम ताठ बसला. इतकी वर्षं तो या वादात हरत आला होता, पण हरण्यात एवढा फायदा असतो हे त्याला आजच कळलं.

“चंदू,” तो जपून म्हणाला, “सांगाचं राहिलं. गावानं ठरवलं, मंडई आता चार वर्षांनी एकदा.”

“काय?”

“हो ना. या दिवाळीची शेवटची. मंग चार वर्षं नाही.”

फोनमध्ये कॅलेंडरची पानं फडफडली. मग चंद्रकुमार म्हणाला, “टीनाने तर अजून धड पाहिलीच नाही मंडई. थांबा बाबा, मी साहेबाशी बोलतो. काही झालं तरी येतो!”

सोमाजीने फोन ठेवला. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण आनंदाच्या बऱ्याच मागे, शेवटच्या डब्यात बसून ती आली. तोवर भिंतीवर कौशल्याबाईचं डोकं उगवलं होतं.

“चार वर्षांनी? कवा ठरलं हे?”

“वहिनी, खोटं आहे ते! चंदूले आनासाठी सांगितलं. कोनाजवळ बोलू नका.”

कौशल्याबाईने कमरेचा मोबाइल काढला, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, “राखी, माय, तुह्या सासूले सांग! मंडई आता चार वर्षं नाही होत!”

राखीच्या सासूने ते नणंदेला सांगितलं. नणंद दिली होती पवनीला. पवनीहून ते तुमसरला गेलं, तुमसरहून नागपुरात. दुसऱ्या दिवशी जागेश्वर धावत आला. “सोमाजीभाऊ, माह्या जावयाचा फोन आला. शेवटची मंडई आहे म्हनते! मी अध्यक्ष असून मले कसं माहीत नाही?”

सोमाजीने खरं काय ते सांगितलं. जागेश्वरची मिशी आधी थरथरली, मग स्थिर झाली. “म्हंजे जावई येते?”

“येते.”

“मंग अध्यक्षाले सारंच माहीत असावं असं काही नाही,” जागेश्वर म्हणाला आणि शीळ घालत परतला.

आणि मग झाली ती मंडई! असली गर्दी गावाने जन्मात पाहिली नव्हती. ज्यांनी भांडणं करून तोंडं फिरवली होती ते आले, ज्यांना आपण मेलेलं समजत होतो ते आले, नव्या गावांचा टेम्पोही आला आणि यंदा त्यांनी सोबत दुसरा आणला! घरात जागा नाही म्हणून पाहुणे गोठ्यात, गोठ्यात जागा नाही म्हणून बैल बोडीवर. पाळण्यासाठी एवढी रांग की पाळणेवाल्याला स्वतःला चक्कर मारायला सवड मिळाली नाही. कौशल्याबाईच्या घरी राखी आली होती. मायलेकी चुलीपुढे एकमेकींना डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे म्हणून सांगत होत्या.

चंद्रकुमार आला. रीता आली. टीना तर आल्याआल्या सोमाजीच्या गळ्यातच पडली.

सोमाजीने बेत फार आधीच केला होता. बोडीच्या बांधावर त्याने सकाळीच दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एक त्याची, एक चंदूची. मधे स्टुलावर चिवड्याचं ताट. चौसष्ट संघांच्या बाजूने त्याने नवे मुद्दे काढून ठेवले होते. सगळे लंगडे. चंदूने ते सहज पाडावेत, पुन्हा उभे करावेत, पुन्हा पाडावेत, आणि असं करता करता सांज व्हावी.

पण सोमाजी खुर्चीकडे निघाला की हाक यायची, “सोमाजीभाऊ, पानी!” पाण्याची बादली ठेवली की “सोमाजीभाऊ, पत्रावळी!” पत्रावळी आणल्या की टेम्पोवाले, “ओळखलं का जी?” तिकडे चंद्रकुमारला शाळेतले मित्र ओढून घेऊन गेले, मग मामेसासरे, मग पाळणा, मग नाटक. एकदा गर्दीत दोघं समोरासमोर आले. दोघांच्याही हातात भाताची परात.

“चंदू, त्या चौसष्ट संघांचं—”

“हो बाबा, निवांत बोलू!” चंद्रकुमार हसून ओरडला आणि परातीसकट पुढे गेला.

खुर्च्यांवर शेवटी टेम्पोतले दोघं बसले. चिवडा त्यांनीच संपवला.

सकाळी सोमाजी सगळ्यांना सोडायला दिघोरीच्या स्टँडवर गेला. बस भरलेली. रीता आणि टीना आत शिरल्या, राखीलाही जागा मिळाली. चंद्रकुमार दारात उभा राहिला. उन्हात त्याचा चेहरा आनंदाने चमकत होता.

“बरं झालं बाबा तुम्ही सांगितलंत ते! नाहीतर हुकली असती,” तो म्हणाला. “साहेबालाही सांगून आलोय, एवढी सुट्टी एकदा द्या, मग चार वर्षं मागत नाही.”

सोमाजीने तोंड उघडलं. मंडई पुढच्या वर्षीही आहे, त्याच्या पुढच्याही वर्षी आहे, मंडई नसली तरी बापाचं घर आहे, हे सगळं त्याच्या जिभेवर एकाच वेळी आलं. एकाच वेळी आलं म्हणून त्यातलं एकही बाहेर पडेना.

“फोन करत जाय,” एवढंच तो म्हणाला.

“म्हणजे काय! वर्ल्ड कपला करतोच ना बाबा!”

कंडक्टरने घंटी मारली. बस धूळ उडवत गेली, आणि खिडकीतून टीनाचा हात बराच लांबपर्यंत हलत राहिला.

सोमाजी वळला तर मागे कौशल्याबाई. तिचाही हात अजून हवेतच होता. दोघं रस्त्याने गावाकडे चालू लागले.

“का म्हने चंदू?” कौशल्याबाईने विचारलं.

“पुढच्या मंडईले येतो म्हने.”

“माही राखीबी तसंच म्हने.” तिने पदराने नाक पुसलं. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली. मोजून झाल्यावर तिने रागाने नव्हे, अगदी मनापासून विचारलं,

“सोमाजीभाऊ, चार वर्षं म्हंजे भलते झाले जी. दोनाचं सांगितलं असतं तं नसतं का चाललं?”